मीटर घेऊन निर्मळला

रेवा आणि सोहम,

मी विजेच्या स्कूटरवर मागे बसून फिरून आले असं फोनवर सांगितलं तेव्हा रेवा हसली आणि सोहमने विचारलं, "आजी, ती चार्ज करायला किती युनिट लागतात?" मी आकडा सांगितला. तो बरोबर होता. पण फोन ठेवल्यावर वाटलं की त्या आकड्यावरून तुम्हाला काहीच कळलं नसेल. तो मिळवायला मला दोन दिवस लागले आणि मध्ये दोन-तीन वाड्यांचं पाणी बंद पडलं. माझी वही अजून हाताशी आहे आणि नावं डोक्यात ताजी आहेत, म्हणून आत्ताच लिहून काढते. तुम्ही इथे आलात तेव्हा आमचा जिना, गच्ची आणि खालचा वाणी एवढंच पाहिलंत. रुळांच्या पलीकडचा मुलूख मीसुद्धा पंधरा वर्षांत पाहिला नव्हता.

तुळिंज, गुरुवार

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुंदा राहते. वय चाळिशीच्या आतबाहेर. नवरा देवरुखकडचा, अंधेरीला नोकरी करतो. तिचं माहेर निर्मळचं, बागायती. लहानपणच्या तापाने तिचा एक पाय बारीक राहिला आहे. माहेरच्या वाडीतली फुलं आणून ती तुळिंजमध्ये घरोघरी पूजेचे पुडे टाकते. जास्वंद, तगर, दुर्वा, बेलाची पानं, आणि गुरुवारी एखादा सोनचाफा. पूर्वी हे गाठोडं ती बसने आणायची. दोन वर्षांपूर्वी तिने विजेची स्कूटर घेतली, कारण या हळू चालणाऱ्या गाडीला लायसन लागत नाही आणि लायसनच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती.

गाडीची बॅटरी गाडीच्या पोटातच असते, काढून वर नेता येत नाही. म्हणून कुंदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडायची. ती दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून यायची. तक्रार झाली. आमचे सेक्रेटरी सावंत यांनी बुधवारी वायर काढायला लावली. कुंदाने खाली पार्किंगमध्ये सोसायटीच्या लाईनवर एक प्लग मागितला. त्या लाईनवर जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप चालतो.

"आणि बिल कोण भरणार?" सावंत म्हणाले.

"मी भरीन ना, भाऊ."

"किती?"

तिला सांगता येईना. कोणालाच येईना. पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, रात्रीत दोन युनिट. समोरचे म्हणाले, छे, दहा तरी खात असेल, एवढं माणूस ओढून नेते ती. रविवारी सभा घेऊन ठरवायचं असं ठरलं. कुंदाने गिऱ्हाइकांना सांगितलं की रविवारपर्यंत फुलं नाहीत. मला ती जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "प्लग नाही मिळाला तर दुकानदार गाडी अर्ध्या किमतीत परत घेतो म्हणालाय. मग संपलंच. बस आता नाही जमणार, काकू. पाय ऐकत नाही."

सभेचं इतिवृत्त मी लिहिते. आयुष्यभर एका कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळल्यामुळे ते काम माझ्याकडे आपोआप आलं. ज्या ठरावात कोणालाच आकडा माहीत नाही असा ठराव लिहिणं मला आवडत नाही. मी आमच्या इलेक्ट्रिशियनकडून, रफीककडून, एक सबमीटर उसना आणला. लाकडी फळीवर बसवलेला जुना काळा मीटर, एका बाजूला प्लग, दुसऱ्या बाजूला दोन सॉकेट. मधून जेवढी वीज जाईल तेवढी तो मोजतो. कुंदा उरलेल्या चार्जिंगवर माहेरी निघाली होती. मी फळी कापडी पिशवीत घातली आणि म्हटलं, "मी येते."

"मीटर घेऊन?"

"मीटर घेऊन."

 माझ्यासाठी तिने सीटवर उशी बांधली.

गाडीचा आवाज अजिबात होत नाही. हा गुण आहे असं मला वाटलं होतं. पण तुळिंजच्या बाजारात मागून काही येतंय हे कोणालाच कळत नाही. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, कुत्री, भाव करत रस्त्याच्या मध्यात उभी असलेली माणसं, कोणी हलत नाही. मी म्हटलं, "हॉर्न दे."

"हॉर्न पण तिचंच खातो, काकू. तुम्हीच ओरडा."

म्हणून बाजार संपेपर्यंत मी "बाजूला, बाजूला" असं ओरडत गेले. चढ आला की मला उतरावं लागे. मी पदर खोचून चढत होते आणि कुंदा माझ्या बरोबरीने गाडी चालवत होती. एक रिक्षावाला हळू होऊन म्हणाला, "आजी, तुम्हीच तिला मागे बसवा!" कुंदा त्याला म्हणाली, "तुझं पेट्रोल संपलं की ये, तुलापण बसवते."

सोपारा गाव मागे पडलं तसा रस्ता बदलला. इमारती थांबल्या. भातकापणी झालेली, खाचरांत वाल लावलेला, बांधावर ताडाची झाडं. डिसेंबर होता, हवेत थोडा गारवा होता. तुमच्याकडे या दिवसांत उन्हाळा असतो हे मला अजून नीट पटत नाही. गासच्या अलीकडे गाडीवरचा लाल दिवा लागला आणि आम्ही सायकलींपेक्षा हळू झालो.

गास

कुंदा घाबरली नाही. तिला प्रत्येक गावात एक प्लग माहीत आहे, जशी पूर्वीच्या बायकांना प्रत्येक गावातली गोड्या पाण्याची विहीर माहीत असे. गासमधला प्लग तिच्या मावशीच्या घरी आहे. मावशी आणि काका दोघंच असतात, भातशेती आणि वाल.

लाईट नव्हती. ती तीनला येणार होती. आमच्या इमारतीत असं कोणाकडे न सांगता गेलं तर आधी दाराच्या भिंगातून बघतात. इथे मावशीने "या" म्हणायच्या आत पाट मांडला. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सुक्या जवळ्याची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वहीत लिहिल्या. काका माझ्याकडे बघत होते.

"या बाई काय लिवतात गो?"

"सवय आहे त्यांना," कुंदा म्हणाली.

तीनला लाईट आली. ओटीवर एकच प्लग, त्यात टीव्ही. काकांची तीनची मालिका होती. मावशीने न विचारता टीव्हीचा प्लग काढला. काका खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसले. मी पिशवीतून फळी काढली, प्लगमध्ये लावली, तिच्यात चार्जर लावला आणि मीटरचा आकडा लिहून घेतला. तबकडी फिरायला लागली.

काकांनी खुर्ची परत फिरवली. "ह्ये काय? आमच्या घरचा करंट मोजता?"

मी समजावून सांगितलं. सभा, ठराव, आकडा. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंग पानी पन मोजा. चार तांबे प्यालात."

मावशी हसली, पण काका हसत नव्हते. मी पर्स उघडली. मला वाटलं होतं की मुद्दा पैशांचा आहे. कुंदाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "काकू, आत ठेवा. आधी आत ठेवा ते."

दीड तासाने मी आकडा बघायला गेले तेव्हा फळीच्या दुसऱ्या सॉकेटात मावशीचा मिक्सर लावलेला होता आणि ती मसाला वाटत होती. "मोकली जागा दिसली," ती म्हणाली, "मनात म्हनलं, बाईंनी आनलंय तर वापरू." तबकडी वेड्यासारखी फिरत होती. माझा आकडा वाया गेला. मी तो वहीत खोडला आणि शेजारी कारण लिहिलं.

निघताना मावशीने दोन किलो वालपापडी गाडीच्या पुढे ठेवली. काका गेटपर्यंत आले. मला म्हणाले, "परत या. खोका घरी ठेवून या."

निर्मळ, गुरुवार संध्याकाळ

गासवरून निर्मळला जाताना कुंदाने गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाली, "माहेरी ती फळी काढू नका हं, काकू. काका आपले आहेत, बोलून मोकळे झाले. दादा बोलणार नाही. दादाला वाटेल, बहीण वीज मोजून घ्यायला लागली."

"पण मोजायची तर आहे."

"मोजा. पण दिसेल असं नको."

कुंदाच्या माहेरी तिची आई, भाऊ दिनेश आणि वहिनी प्रमिला. घर वाडीच्या तोंडाशी, मागे केळी, मग फुलझाडं, मग विहीर आणि पंपाची खोली. दिनेश मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. "काकू, आठ दिवस राहा. केळी खाऊन जाड होऊन जा." प्रमिलावहिनी कामाची, कमी बोलणारी. ते घरात एकमेकांशी त्यांच्या बोलीत बोलतात, जी मला निम्मीसुद्धा कळत नाही, आणि माझ्याशी वळून शाळेतलं मराठी बोलतात. एक मात्र बोली न कळताही कळलं. कुंदाने गाडी ओटीला लावली आणि चार्जरची वायर काढली, तेव्हा दिनेश म्हणाला, "लाव, लाव," आणि वहिनी आत गेली.

कुंदा रोज सकाळी इथे फुलं बांधली जाईपर्यंत तास-दीड तास गाडी लावते. तेवढ्याने भागत नाही, म्हणून घरचा प्लग लागतो. "वहिनी काही म्हणते का?" मी तिला विचारलं. "काही नाही म्हणत," कुंदा म्हणाली. "दोन वर्षं काहीच म्हणत नाही."

निर्मळ, शुक्रवार

आता माझी चूक सांगते.

सकाळी सातला लाईट येणार होती आणि कुंदा गाडी लावणार होती. मी ठरवलं, फळी काढायची नाही, घराच्याच मीटरवरचा आकडा आधी आणि नंतर लिहून घ्यायचा. कोणाला कळायचं कारण नाही. मी उजाडता उठले, चष्मा लावला, वही आणि पेन घेतलं. ओटीच्या बाहेरच्या भिंतीवर मीटर होता. लिहिला. मग शंका आली की घराचा मीटर हाच की पंपाच्या खोलीतला. म्हणून वाडीतून मागे गेले आणि तोही लिहिला. पंपाच्या मीटरची वीज शेतीची, तिचा दर वेगळा, हे मला माहीत होतं; म्हणून नंबरही लिहून घेतला. परत येताना शेजारच्या वाडीच्या कुंपणापलीकडे इनासकाका दिसले. ते ख्रिस्ती बागायतदार आहेत. मी "गुड मॉर्निंग" म्हटलं. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि काही न बोलता लगबगीने आत गेले.

चहा पिताना मला जाणवलं की फार शांत आहे. पंपाच्या खोलीकडे जाताना दोन-तीन पंपांची घरघर ऐकली होती. आता एकही नव्हता. शेतीच्या पंपांना वीज मोजके तास मिळते. त्या वेळात वाडी भिजवली नाही तर त्या दिवसाचं पाणी गेलं. दिनेश बाहेरून आला. त्याचा मोठा आवाज आता लहान झाला होता.

"कुंदा, काकू मंडळाच्या आहेत का गं?"

"कुठल्या मंडळाच्या?"

"विजेच्या. सगळीकडे झालंय की दिनेशच्या बहिणीने तपासणीवाली बाई आणली. इंग्लिश बोलते. पंपाचा नंबर लिहून घेतला म्हणतात."

इनासकाकांनी नाताळसाठी बांबूच्या काठीवर कागदाची चांदणी लावली होती, आणि तिच्यातला दिवा पंपाच्या लाईनवर होता. शेतीच्या लाईनवर दिवा लावायचा नसतो. त्यांनी चांदणी उतरवली, पंप बंद केला आणि पलीकडच्या वाडीला सांगितलं. पलीकडच्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना. दिनेशच्या फुलं बांधायच्या शेडमधला दिवाही पंपाच्याच लाईनवर होता. प्रमिलावहिनीने तो आधीच काढला होता. बल्ब पिठाच्या डब्यात लपवलेला मी नंतर पाहिला.

 मी सगळं सांगितलं, सरळ, जसं घडलं तसं. दिनेश ऐकत होता. शेवटी वहिनी बोलली. माझ्याशी नाही, कुंदाशी.

"ताई, राग मानू नका. पण आजपासून गाडी आमच्याकडे नका लावू."

कुंदाने मान हलवली. ओटीवरून चार्जर काढला आणि वायर गुंडाळायला लागली. तिने ती फार नीट गुंडाळली. रविवारच्या सभेत एक प्लग मिळेल की नाही हा प्रश्न होता. आता माझ्यामुळे दुसराही गेला होता.

मला अशा वेळी काहीतरी काम हातात घ्यायला लागतं. मी शेडमध्ये गेले. कुंदाच्या आई तिथे दुर्वांच्या जुड्या करत होत्या. मी समोर बसले आणि जुड्या करायला लागले. माझ्या जुड्या सगळ्या सारख्या लांबीच्या होत होत्या. त्यांनी त्या बघितल्या.

"तुमी त्या वहीत काय काय लिहिता?"

मी वही उघडून वाचून दाखवलं. तुळिंज ते गास, तीन वेळा उतरून चालले. भाकरी तीन. चार तांबे पाणी, असं काका म्हणतात. मिक्सरमुळे आकडा रद्द. वालपापडी दोन किलो. निर्मळ, रात्री केळी दोन, झोप चांगली. घराचा मीटर इतका, पंपाचा इतका.

आई हसायला लागल्या. "प्रमिला, ये गं. ऐक. बाईंनी केळी पन लिहिलीत."

वहिनी दाराशी आली. कमरेवर हात. मी पुन्हा वाचलं. मिक्सरपाशी तिला हसू आलं, ते तिने पदराने पुसलं. मग म्हणाली, "मग खरंच किती खाते ती?"

"कोण?"

"गाडी."

"तेच मला माहीत नाही. तेच शोधत होते."

 वहिनी एकदम बोलायला लागली, आणि दोन वर्षं गप्प राहिलेली बाई कशी बोलते ते मी ऐकलं. बिल वाढलं होतं. गाडी आली त्याच वर्षी वाढलं. नवरा म्हणे, बहिणीचं मोजायचं नाही. सासूबाई म्हणत, मोजायचं नाही. "मी काय मोजत होते? पण बिल तर येतं ना हातात. विचारायचं कोणाला? नणंद ती. विचारलं तर मीच वाईट." ती गाडी पंपाएवढी वीज खाते अशी तिची खात्री होती. दिनेशचीही होती, तो फक्त बोलत नव्हता.

कुंदा शेडच्या बाहेर उभी होती. तिने हे सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, मग मोजूया की," ती म्हणाली. "काकूंची फळी आहे."

"दादा काय म्हणेल?"

"दादाला लिहायला बसवू."

आणि तसंच झालं. गाडी पार संपेपर्यंत कुंदाने ती निर्मळच्या तळ्याभोवती फिरवली. दोन फेऱ्यांना वहिनी मागे बसली होती, पहिल्यांदाच. लाल दिवा लागल्यावर गाडी ढकलत आणली. दुपारी दीडला लाईट आली तेव्हा ओटीच्या मधोमध फळी ठेवली, सगळ्यांसमोर. मीटरवर चारशे बारा पूर्णांक तीन. दिनेशने ते माझ्या वहीत लिहिलं आणि खाली सही केली, जी मी मागितली नव्हती. दुसऱ्या सॉकेटवर वहिनीने कागद चिकटवला.

तासाभरात इनासकाका आले. मी मंडळाची नाही हे त्यांना समजलं होतं, पण खात्री करायची होती. त्यांच्यामागे त्यांची बायको, मग पलीकडच्या वाडीतली दोन माणसं. कोणी पायरीवर, कोणी झोपाळ्यावर. सगळे तबकडीकडे बघत होते. मी एवढं निवांत बसलेलं गाव आधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लिफ्ट बिघडली तरच माणसं एवढा वेळ एका जागी थांबतील, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

"दहाच्या वर जाणार," दिनेश म्हणाला.

"आठ," इनासकाका.

"आकडा हलतच नाय," आई म्हणाल्या. "मीटर बिघडलाय."

रफीकचा मीटर बिघडला असेल अशी मलाही भीती वाटली. म्हणून मी मध्येच, गाडीचा प्लग काढून, घरची इस्त्री दहा मिनिटं लावून तबकडी बघितली. ती झरझर फिरली. इस्त्रीने खाल्लेलं मी बाजूला लिहिलं आणि नंतर वजा केलं. केळ्याचे वेफर्स आले, चहा दोनदा आला. इनासकाकांच्या बायकोने घरचा केक आणला, नाताळला अवकाश होता तरी. सात वाजता चार्जरवरचा दिवा हिरवा झाला.

इस्त्री वजा जाता एक पूर्णांक चार युनिट.

 मग इनासकाका म्हणाले, "बस? एवढंच?" त्यांना आपली दुपार वाया गेल्यासारखं वाटलं होतं. दिनेशने मनातल्या मनात पैसे काढले. "चहाला जास्त लागले, आई शप्पथ. दूध केवढ्याचं आणलं?"

वहिनी उठली आणि आत गेली. आतल्या डब्यातून तीन वर्षांची बिलं घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली. "मग हे कशाने वाढलं ते पण बघा, काकू." आम्ही दोघींनी बिलं लावून बघितली. गाडीच्या वर्षी घरात फ्रिजही आला होता. तो दिनेशने हौसेने आणला होता. दिनेश उठून केळीला पाणी बघायला गेला.

जेवताना वहिनीने सगळ्यांच्या आधी कुंदाला वाढलं. 

निर्मळ, शनिवार

शनिवारी काही घडलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. सकाळी पंप सुरू होते. मी टेकडीवरच्या देवळात गेले. पायऱ्या मोजल्या नाहीत. वरून तळं, वाड्या आणि त्यांच्यामधून वाकडे जाणारे रस्ते दिसतात. कोणती वाडी कोणाची, हिंदूची की ख्रिस्त्याची, हे वरून सांगता येत नाही. परत येताना इनासकाकांची चांदणी पुन्हा वर चढली होती. वायर आता ओटीच्या बाजूने गेली होती. "घरच्या लाईनवर," त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. "लिहा वाटलं तर."

तुळिंज, रविवार

रविवारी पहाटे पुडे बांधून झाल्यावर प्रमिलावहिनी साडी बदलून आली. "मी येते. बघू तरी ती मिटिंग."

कुंदाचं लग्न झाल्यापासून वहिनी तिच्या घरी आली नव्हती, असं मला नंतर कळलं. गाडीवर माझी उशी तिला मिळाली. मी फळी घेऊन बसने आले आणि त्यांच्या आधी पोचले.

सभा अकराला, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी आकडा वाचून दाखवला, कसा मोजला तेही. दिनेशची सही दाखवली. कुलकर्णी म्हणाले, मी दोनच म्हटलं होतं. सावंतांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना इमारत नीट चालावी असं वाटतं.

"काकू, आकड्याबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "पण प्रश्न आकड्याचा नाही. सोसायटीची लाईन सगळ्यांची. एकाला दिली की उद्या कोणी फ्रिज आणून ठेवेल जिन्याखाली. नियम म्हणजे नियम."

चार-पाच माना हलल्या. मला माहीत होतं आता काय लिहावं लागणार आहे. कुंदा खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिचा बरा पाय जमिनीवर होता आणि दुसरा तिने खुर्चीच्या आत ओढून घेतला होता.

वहिनी बायकांमध्ये बसली नव्हती. ती जिन्याखालच्या लोखंडी जाळीच्या दाराशी उभी राहून आत बघत होती. गेल्या दोन दिवसांत तिला मीटर बघायची सवय लागली होती.

"ताई," ती तिथूनच म्हणाली, "यातला तुमचा कुठला?"

"काय?"

"मीटर. इथे सगळ्यांचे आहेत ना. नावं लिहिलीत."

"तिसऱ्या ओळीत असेल. बिलावरचा नंबर बघावा लागेल."

"म्हणजे तुमचा मीटर खालीच आहे." वहिनी आमच्याकडे वळली. "मग वीज आधी वर नेऊन खिडकीतून परत खाली का आणत होता?"

 जाळीच्या दारापासून कुंदाच्या गाडीपर्यंत दहा पावलं होती. मी चार दिवस दुसऱ्यांच्या घरचे आकडे लिहून घेत फिरले होते आणि माझ्याच इमारतीतला मीटर कुठे आहे ते मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बिल दाराखालून येतं.

रफीकला बोलावलं. तो आत डोकावला, म्हणाला, "हो की. अर्ध्या तासाचं काम. स्वतंत्र स्विच, कुलूपवाली पेटी, त्यांच्याच मीटरवर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला आधी का नाही विचारलं, काकू? मला तर तुम्ही मीटर मागितला. मला वाटलं, कॅरमच्या लाईटला हवाय."

सावंतांनी ठराव मांडला, कुलकर्ण्यांनी अनुमोदन दिलं. कुंदाच्याच मीटरवरून, तिच्याच खर्चाने, भिंतीवरून पाइपात वायर. मी तो लिहिला. एक पूर्णांक चार हा आकडा त्यात कुठेही आला नाही. त्याची गरज उरली नव्हती. वहिनी कुंदाचं घर बघायला जिना चढून गेली. मी खालून ऐकलं, ती दुसऱ्या मजल्यावर थांबून विचारत होती, "अजून किती वर?"

पेटी बसली, निळ्या रंगाची, जाळीच्या दाराशेजारी. कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत, एक कुंदाकडे आणि एक निर्मळला प्रमिलावहिनीकडे. गाडी पहिल्यासारखीच हळू चालते, आणि फुलं पुन्हा रोज येतात.